'आता नजर परत येणार नाही' हे ऐकल्यावर: दवाखान्याच्या बाकापासून घराच्या चुलीपर्यंत

माझ्या मायला काचबिंदू होता. तपासणीच्या खोलीतून आम्ही चार मिनिटांत बाहेर आलो. "दोन्ही डोळ्यांची नस सुकली आहे, थेंब चालू ठेवा, जेवढं उरलंय तेवढं टिकेल," एवढंच डॉक्टर बोलले, आणि ते खरंच होतं. बाहेरच्या बाकावर बसून माय म्हणाली, "डाक्टरनी काय सांगं?" मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मंग आते भाकर कशी करसू मी?"

या प्रश्नाचं उत्तर त्या इमारतीत कुणाकडेच नव्हतं. केसपेपर घेणाऱ्या खिडकीवर नव्हतं, औषधाच्या दुकानात नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच. आम्ही एसटी पकडून गावी आलो. दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो, काठी वापरायला शिकवतात, उरलेल्या नजरेसाठी भिंगं असतात, हे कळायला पुढची दोन वर्षं गेली, आणि तेही लग्नात भेटलेल्या एका पाहुण्याकडून.

ब्रिटनमधल्या बऱ्याच नेत्रविभागांत यासाठी एक माणूस नेमलेला असतो. त्याला 'आय क्लिनिक लायझन ऑफिसर' म्हणतात. तो डॉक्टरही नसतो आणि नर्सही नसते. डॉक्टरांचं बोलणं संपलं की रुग्ण त्याच्यासमोर येऊन बसतो. आजार काय आहे ते तो साध्या शब्दांत सांगतो, दाखल्याचं समजावतो, कुठल्या दारात जायचं ते लिहून देतो, आणि बहुतेक वेळा आधी नुसतं ऐकून घेतो. आपल्याकडच्या दवाखान्यांत ही खुर्ची बहुतेक ठिकाणी रिकामीच असते. ती भरेपर्यंत घरातल्याच कुणीतरी तिच्यावर बसायचं. मुलगा, सून, नात, जो कुणी कागद वाचू शकतो आणि फोन लावायला लाजत नाही तो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या अशा माणसासाठी हे लिहितो आहे.

पहिलं काम: खोलीतून उठण्याआधी

डॉक्टर पुढच्या रुग्णाचं नाव पुकारत असले तरी उठू नका. आजाराचं नाव मागा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. "पडद्याचा त्रास" हे नाव नाही. मधुमेहाने पडदा खराब होणं वेगळं, वयाने पडद्याचा मधला भाग झिजणं वेगळं आणि आनुवंशिक रातांधळेपणाने पडदा सुकणं वेगळं. तिन्हींत पुढचा रस्ता वेगळा असतो.

मग आकडा विचारा. कागदावर ६/६०, ३/६० असं काहीतरी लिहिलेलं असतं. ६/६० म्हणजे चांगल्या डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून दिसतं ते या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागतं. हा आकडा चष्मा लावून आहे की चष्म्याशिवाय, हेही विचारून घ्या, कारण दाखला चष्मा लावून जेवढं दिसतं त्यावर ठरतो.

तिसरा प्रश्न जरा अवघड आहे, तरी विचाराच: "यातलं बरं होण्यासारखं काही राहिलंय का?" २०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा नुसत्या मोतीबिंदूचा निघाला. म्हणजे शस्त्रक्रियेने दिसू शकेल अशी पुष्कळ माणसं अजून "आता वय झालं" म्हणून ओट्यावर बसून आहेत. बुबुळावर फूल पडलं असेल तर कधी कधी बुबुळ बदलता येतं. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. पण त्यासाठी डॉक्टर "थेंब चालू ठेवा" म्हणाले असतील तर ते थेंब कधीच बंद करू नका. "आता दिसतच नाही तर औषध कशाला?" असं म्हणून बंद करणारे मी पुष्कळ पाहिले. सावली आणि उजेड यातला फरक कळणं हेही रात्री एकट्याने मोरीपर्यंत जायला पुरतं. ते घालवू नका.

चौथा प्रश्न घरातल्या बाकीच्यांसाठी. काचबिंदू सख्ख्या नात्यात उतरतो, म्हणून भाऊ, बहीण आणि चाळिशीच्या आसपासच्या मुलांनी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. मामाची पोरगी करण्याची रीत ज्या घरांत आहे तिथे रातांधळेपणाचे काही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. कुणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे, पुढच्या लेकरांची तपासणी लवकर व्हावी म्हणून हे विचारायचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, पुढे राहून जाईल. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने टाकल्यानेही काचबिंदू होतो. कापूस वेचताना किंवा ज्वारीचं पान लागून डोळ्याला जखम झाली, तर त्यात तूप, मध किंवा बाळंतिणीचं दूध काहीही घालू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरं काम: एक फाइल

आजवरचे सगळे केसपेपर, पडद्याचे फोटो, दाबाचे आकडे, शस्त्रक्रियेचा कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावा. वरच्या कप्प्यात आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि चार फोटो. आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव आताच जुळवून पाहा. आमच्याकडे एकावर 'सुमनबाई' आणि दुसऱ्यावर 'सुमन' असतं, आणि तहसीलच्या खिडकीवर तेवढ्यावरून माणूस परत पाठवला जातो. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आता दुरुस्ती करून घेतलेली बरी.

तिसरं काम: उरलेल्या नजरेची तपासणी

हे पाऊल जवळपास सगळेच गाळतात. पूर्ण काळोखात असलेली माणसं फार थोडी असतात. बहुतेकांना काहीतरी दिसतं. कुणाला बाजूचं दिसतं पण समोरचा चेहरा नाही, कुणाला पाइपातून पाहिल्यासारखं फक्त मधलं, कुणाला अंधारात ठीक आणि उन्हात काहीच नाही. या उरलेल्या नजरेला 'लो व्हिजन' म्हणतात, आणि तिच्यासाठी वेगळी तपासणी असते. त्यात हातातलं भिंग, दिव्याचं भिंग, दूरचा फलक वाचायची छोटी दुर्बीण, पुस्तक तिरकं ठेवायचा स्टँड आणि रंगीत काचा असं एकेक लावून पाहतात. मोठ्या नेत्ररुग्णालयांत याचा वेगळा विभाग असतो. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था. पण आधी आपल्या गावच्या डॉक्टरांनाच विचारा, "लो व्हिजनची तपासणी जवळात जवळ कुठे होते?" नुसतं "भिंग कुठे मिळेल?" विचारलंत तर स्टेशनरीच्या दुकानाचा पत्ता मिळेल.

जाताना पेशंटला विचारून एक यादी करून न्या. "मला दिसायला पाहिजे" एवढ्याने तपासणाऱ्याला काही करता येत नाही. "पोथी वाचायची आहे", "सुईत दोरा ओवायचा आहे", "गोळीचं पाकीट ओळखायचं आहे", "स्टँडवर एसटीची पाटी वाचायची आहे", असं सांगितलं की ज्याचं त्याचं साधन निघतं. प्रत्येक कामाला वेगळं भिंग लागतं. आणि भिंग विकत घेण्याआधी तिथेच अर्धा तास बसून ते वापरून पाहा. जास्त मोठं करणारं भिंग नेहमी चांगलं असतं असं नाही. जितकं मोठं दिसतं तितकी अक्षरं कमी मावतात, आणि धरायचं अंतर हाताला जमलं नाही तर ते कपाटात जातं.

कमी उत्पन्नाच्या घरांना केंद्राच्या ॲडिप योजनेतून अशी साधनं मिळतात. ही साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची मोजमाप शिबिरं जिल्ह्यात होतात. तारीख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात कळते. आधी मोजमाप होतं, साधन नंतर वाटतात, तेव्हा त्याच दिवशी काठी हातात पडेल या आशेने जाऊ नका.

चौथं काम: दाखला

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व कशाला म्हणायचं ते आकड्यांत दिलं आहे. चांगल्या डोळ्याने, चष्मा लावूनही, ३/६० पेक्षा कमी दिसत असेल, किंवा दिसण्याचा घेर १० अंशांपेक्षा कमी असेल, तर तो अंध. ६/१८ च्या खालपासून ३/६० पर्यंत, किंवा घेर ४० अंशांच्या आत आणि १० पर्यंत असेल, तर अल्पदृष्टी. बहुतेक सगळ्या सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

इथे दोन गैरसमज सारखे भेटतात. पहिला एका डोळ्याचा. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा ठणठणीत असला तर दाखल्यात ३० टक्केच येतात. चाळीसच्या अपेक्षेने चार चकरा मारणाऱ्या आणि "पैसे मागत होते म्हणून कमी दिले" असं गावभर सांगणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही. नियमच तसा आहे.

दुसरा गैरसमज उलटा आहे आणि त्यात पेशंटचं नुकसान होतं. काचबिंदूवाल्याला कधी कधी तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळही वाचता येते. पण तो दाराच्या चौकटीला धडकतो, बाजूने येणारी मोटारसायकल त्याला दिसत नाही. कागदावर नुसतं ६/९ लिहिलं असेल तर टक्के शून्याच्या जवळ येतील. म्हणून फाइलमध्ये दिसण्याच्या घेराची तपासणी, म्हणजे 'फील्ड टेस्ट'चा कागद, पाहिजेच. तो जुना असेल तर नवा काढून मगच दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जा.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. स्वतःच्या मोबाइलवरून जमतं, नाहीतर ई-सेवा केंद्रात जा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. अर्जात रुग्णालय निवडायचं असतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून येणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यायची. डोळ्यांच्या तपासणीचा वार ठरलेला असतो, तो फोन करून पक्का केल्याशिवाय निघू नका. भल्या पहाटे जीप धरून नंदुरबारला पोचावं आणि "आज कान-नाकाचा वार आहे" ऐकून परत फिरावं, असं होतं.

तपासणीच्या दिवशी डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, म्हणजे परत येताना आणखी कमी दिसतं. सोबत माणूस आणि डोक्याला टोपी किंवा पदर हवाच. मोतीबिंदूसारखं बरं होणारं काही शिल्लक असेल तर आधी ते करून या म्हणतील, किंवा ठरावीक मुदतीचा तात्पुरता दाखला देतील. टक्के पटले नाहीत तर अपील करता येतं. भांडू नका, कशासाठी कमी दिले ते लेखी मागा. पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, येतं: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि त्याच्या वर निळं.

पाचवं काम: पैशाचं

दाखला हातात आला की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. वय १८ ते ६५, अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, अशा मुख्य अटी आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून महिना अडीच हजार झाली. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा खातं जोडलेलं आहे का ते बँकेत आधी पाहून घ्या.

एसटीत ४० टक्क्यांच्या वर असलेल्या दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सूट आहे. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची असेल तर तिचा प्रवास तसाही फुकट आहे, पण सोबत्याच्या अर्ध्या तिकिटासाठी कार्ड दाखवाच. रेल्वेचा नियम वेगळा आणि कडक आहे, नुसते ४० टक्के तिथे चालत नाहीत. भुसावळहून नाशिक-मुंबईला नेहमी जाणं असेल तर रेल्वेचं सवलत कार्ड वेगळं काढावं लागतं.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाला हे माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळलं की काम सोपं होतं. नोकरदार घरात, जुन्या करपद्धतीत, दिव्यांग व्यक्तीला स्वतःला ७५,००० आणि ८० टक्क्यांच्या वर असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. तो कुणावर अवलंबून असेल तर सांभाळणाऱ्यालाही तेवढीच.

बँकेत "दिसत नाही तर चेकबुक नाही, एटीएम नाही" असं सांगितलं तर मान डोलावून परत येऊ नका. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सगळ्या बँकांना सांगून ठेवलं आहे की दिसत नाही म्हणून चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारायचं नाही.

सहावं काम: भाकरी

आता मायच्या प्रश्नाकडे येतो. मी दोन वर्षं तिला चुलीजवळ जाऊ दिलं नाही. भाजेल म्हणून. सून करते, बसून राहा. त्या दोन वर्षांत माय जेवढी खचली तेवढी डोळ्यांनी खचली नव्हती. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती.

पुढे तिनेच वाट काढली. भाकरी थापायला डोळे लागतच नाहीत, कड हाताला कळते. अवघड होतं ते तव्यावर टाकणं. तव्याच्या कडेला उलथनं टेकवून मध्य शोधायचा आणि त्या अंदाजाने भाकरी सोडायची, हे तिने थंड तव्यावर आठ दिवस करून पाहिलं. उलटायची वेळ ती वासावरून आणि पाणी सुकल्याच्या आवाजावरून ओळखते. गॅसला शिट्टीसारखा आवाज करणारा लायटर नको, साधा ठिणगीचाच बरा. बर्नर पेटला की नाही ते आचेवरून आणि आवाजावरून कळतं, तिथे दुसरा आवाज नको. आणि लोंबता पदर खोचून घ्यायचा, त्यात तडजोड नाही.

थोडी नजर असेल तर रंगाचा उपयोग करा. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात हरवतो, स्टीलच्या ताटाची चमक डोळ्यांवर येते. गडद निळी किंवा हिरवी मेलामाइनची ताटं स्वस्त असतात. उलट कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, काळपट पीठ पांढऱ्या परातीत लगेच उठून दिसतं. दुधाचा पेला गडद हवा, कोऱ्या चहाचा कप पांढरा. पायऱ्यांच्या कडेला हातभर रुंद नको, दोन बोटं पिवळा पट्टा मारा. स्विचच्या भोवती रंगीत टेप लावा. बल्ब डोळ्यांसमोर नको, मागून खांद्यावरून उजेड यायला हवा.

ताट वाढताना घड्याळ करायचं: "सहावर भाकरी, तीनवर भरीत, बारावर ठेचा." ठेच्याची जागा रोज तीच, नाहीतर काय होतं ते खान्देशात कुणाला सांगायला नको.

घरात वस्तूची जागा बदलली की तोंडाने सांगा. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धं उघडं दार कपाळ फोडतं. बाज अंगणात टाकली तर सांगायचं, मोटारसायकल ओसरीत लावली तर सांगायचं. गोळ्यांच्या पाकिटांना रबरबँड: सकाळच्याला एक, रात्रीच्याला दोन. डोळ्यांच्या दोन बाटल्या असतील तर एकीला दोरा गुंडाळा, आणि दोन औषधांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना पेनबद्दल विचारावं, त्यात एकेक युनिट टिकटिक मोजता येतं.

शेतावर जाणारा माणूस असेल तर विहिरीला कठडा, आणि कुंपणाच्या तारेला जागोजागी रंगीत फडकी. कीटकनाशकाचे डबे घरात नकोतच, कुलपातल्या खोलीत ठेवा. बाटल्या चुकून बदलू नयेत हे एक कारण. दुसरं कारण पुढे येतं.

सातवं काम: दाराबाहेर

दिसत नसलेल्या माणसाचा हात धरून त्याला ओढायचं नाही. त्याने तुमचा हात कोपराच्या जरा वर धरायचा आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. तुमचं अंग वळलं की त्याला वळण कळतं, खाली गेलं की उतार कळतो. पायरी आली की क्षणभर थांबा, "चढ" किंवा "उतार" एवढंच बोला. खुर्चीत बसवताना त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बसेल तो आपला आपण. हे पाच मिनिटांत शिकता येतं, पण एसटी स्टँडवर मात्र बायका-माणसं अजून आजोबांना मागून ढकलत चढवताना दिसतात.

पांढरी काठी ही आधाराची काठी नव्हे. तिच्यावर भार द्यायचा नसतो, ती पुढची जमीन विचारत जाते. लांबी साधारण उभं राहिल्यावर छातीच्या हाडापर्यंत. टोक खांद्यांच्या रुंदीइतकं डाव्या-उजव्या बाजूला फिरतं: डावा पाय पुढे तेव्हा काठी उजवीकडे. हे वाचून येत नाही, शिकवणारा लागतो. नाशिकला सातपूरमध्ये नॅब महाराष्ट्र या अंधांसाठीच्या संस्थेचं काम आहे, आपल्या भागातून जायला ते सोयीचं. लाज हा इथला खरा अडथळा. "काठी घेतली म्हणजे गावाला कळेल." गावाला कधीचं कळलेलं असतं. काठी दिसली की मोटारसायकलवाला हळू होतो, हा तिचा अर्धा उपयोग.

आणि ऊन. इथला मे महिना पंचेचाळीस अंशांचा, पांढरी माती, पत्र्याची चमक. पडद्याचा आजार असलेल्याला दुपारी बाहेर काहीच दिसत नाही. पुढे कड असलेली टोपी, पिवळसर किंवा तपकिरी काचा, आणि कामं सकाळी दहाच्या आत.

मोबाइल फेकून देऊ नका. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, बोट ठेवाल ते बोलून दाखवतं, मराठीतही. नातवाला बसवा, चार दिवसांत शिकवेल. शंभराच्या आणि दोनशेच्या नव्या नोटांच्या कडेला चार उंच रेषा असतात, दोनशेच्या रेषांमध्ये दोन ठिपके, पाचशेला पाच रेषा. नोट मळली की ते बोटांना लागत नाही. तेव्हा घड्या वेगळ्या घाला, नाहीतर रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप २०२० पासून आहे, ते नोट ओळखून बोलतं.

आठवं काम: मनातलं, आणि भिंतीवरची माणसं

पहिले काही आठवडे माणूस चिडतो, जेवत नाही, रात्रभर जागतो. त्याला लगेच "देवाची मर्जी" सांगू नका. बसा. "जगून काय करू" असं सारखं म्हणत असेल तर ते बोलणं म्हणून सोडून देऊ नका, स्पष्ट विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. कीटकनाशक कुलपात ठेवा म्हणालो त्याचं दुसरं कारण हे.

याहून वेगळी एक गोष्ट, जी माहीत नसल्याने आपल्याकडे फार घोटाळे होतात. नजर गेलेल्या काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. ओसरीत लहान मुलं खेळताना, भिंतीवर फुलांची नक्षी, कोपऱ्यात उभी बाई. आवाज नसतो, नुसतं चित्र. हा वेडेपणा नव्हे आणि भूतबाधाही नव्हे. डोळ्यांकडून खबर यायची थांबली की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. चार्ल्स बॉने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं, म्हणून त्याचंच नाव त्याला आहे. आपल्याकडे अशा वेळी आजीला भगताकडे नेतात, धूर देतात, लिंबं उतरवतात. आजी मग दिसलेलं सांगायचंच बंद करते आणि एकटी घाबरत बसते.

तुम्हीच विचारा: "आजी, काही नसलेलं दिसतं का कधी?" हो म्हणाली तर घाबरू नका, हसूही नका. डोळे दोन-तीनदा मिटून उघडायचे, नजर इकडून तिकडे फिरवायची, दिवा लावायचा, उठून चालायचं, त्याने चित्र बऱ्याचदा जातं. पुष्कळांचं काही महिन्यांत कमी होतं. मात्र सोबत ताप, बरळणं, आवाज ऐकू येणं असेल किंवा नवीन औषध सुरू झालं असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, ते वेगळं काही असू शकतं.

लहान मूल असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. दिव्यांग मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेतही घालता येतं आणि अंधशाळेतही. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा मिळतात. "मोठं होऊ दे मग बघू" असं करू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घरातच आवाज, स्पर्श, चालणं शिकवायला घ्यायचं असतं.

दवाखाना चालवणाऱ्यांना

आता मी महिन्यातून दोनदा एका धर्मादाय दवाखान्याच्या ओपीडीत टेबल टाकून बसतो. पगार नाही, पदही नाही. त्यावरून दोन शब्द. नेत्ररुग्णालयात टोकन नंबर पडद्यावर झळकवतात, हे मला अजून कोडं आहे. नाव घेऊन हाक मारा. खोलीत शिरणाऱ्याला आपलं नाव सांगा, पांढऱ्या कोटावरून त्याला काही कळत नाही. डोळ्याला हात लावण्याआधी "आता थेंब टाकतो" म्हणा. बोलणं सोबतच्या मुलाशी नको, ज्याचा डोळा आहे त्याच्याशी करा. डोंगरातून आलेल्याशी बोलायला भिली किंवा पावरी जाणणारा कर्मचारी असेल तर त्याला त्या वेळेपुरता टेबलाशी बसवा. मराठीत दोनदा मान हलवणारा माणूस आपल्या बोलीत पहिला खरा प्रश्न विचारतो.

टेबलाला लागतं तरी काय? दोन खुर्च्या, शक्यतो औषधाच्या खिडकीपासून दूर. ठळक मोठ्या अक्षरांतली एक पानाची चिठ्ठी: आजाराचं नाव, दाखल्याचा वार, तहसीलमध्ये काय न्यायचं. दोन-तीन भिंगं, एक काठी, हात लावून पाहायला. आणि एक वही.

त्या वहीत मी फोन नंबर आणि तारीख लिहितो, आणि पंधरा दिवसांनी फोन करतो. पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणाच्याच डोक्यात राहत नाही. त्या दिवशी फक्त "येणार नाही" हे दोन शब्द ऐकू आलेले असतात. पंधराव्या दिवशी प्रश्न येतात. दाखल्याचं काय झालं ते मी शेवटी विचारतो. आधी विचारतो, "या पंधरा दिवसांत दाराबाहेर किती वेळा पडलात?" "एकदाही नाही" असं उत्तर आलं की फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगतो, आणि उद्या सकाळी ऊन चढायच्या आत कोपराला धरून पारापर्यंत कसं न्यायचं ते त्याला तिथल्या तिथे समजावतो.